पाठमोरे रोहित

भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर फेब्रुवारीतल्या एका सकाळी काढलेला एक फोटो मी बरेच दिवस माझा सर्वांत चांगला फोटो मानत होते. तीस-चाळीस रोहित पक्षी एकाच वेळी पाण्यावरून उठताहेत, पंखांखालचा लालगुलाबी रंग उघडा पडलाय, लांब पाय पाण्यावर धावताहेत आणि प्रत्येक पावलामागे शिंतोड्यांची एक ओळ. बसलेला रोहित तसा फिकाच दिसतो, त्याचा खरा रंग पंख उघडल्यावर कळतो. तो रंग मला मिळाला होता, आणि नखशिखांत स्पष्ट मिळाला होता.

आम्ही चौघंजण महिन्यातून एकदा भेटतो. प्रत्येकाने दोनच फोटो आणायचे, कागदावर छापलेले. ज्याचा फोटो असेल त्याने इतरांचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचं. आमच्यात एक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. वयाने ते सगळ्यांत मोठे, त्यामुळे सगळेच त्यांना सर म्हणतात. त्यांनी माझा फोटो खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "होडी किती जवळ नेली होतीत?"

त्यांना ते कसं कळलं, हे सांगण्याआधी उडत्या पक्ष्याचा फोटो म्हणजे नेमकं काय प्रकरण असतं ते सांगायला हवं.

नदी सुरय सेकंदाला दहा मीटर वेगाने आपल्यासमोरून आडवा जातो आहे असं समजा. शटर एक पाचशेअंश सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्या वेळात तो दोन सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे फोटोत त्याचा डोळा डोळा न राहता एक काळी रेघ होणार. शटर एक दोनहजारांश केलं तर तो पाचच मिलिमीटर सरकतो. याखेरीज आपण कॅमेरा त्याच्याबरोबर त्याच गतीने फिरवत नेला तर धड जवळजवळ स्थिर मिळतं. पंखांची टोकं मात्र धडापेक्षा वेगळ्या, बऱ्याच जास्त वेगाने हलत असतात, त्यामुळे तिथे थोडी पुसटता राहतेच. ती राहू द्यावी, असं माझं मत आहे. सगळंच गोठवलेला पक्षी संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यासारखा दिसू लागतो.

दुसरी अडचण खोलीची. पाचशे मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर ५.६ आणि पक्षी वीस मीटरवर असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सारा मिळून सुमारे अर्धा मीटर जाडीचा असतो. रोहिताच्या पंखांचा पसारा दीड मीटरच्या आसपास. तो आडवा जात असताना पंख सपाट पसरले असतील, तर आपल्या बाजूच्या पंखाचं टोक डोळ्यापेक्षा पाऊण मीटर जवळ येतं. म्हणजे डोळा स्पष्ट ठेवला की पंखाचं टोक गेलंच. तोच पक्षी समोरून आला तर दोन्ही पंख जवळपास एकाच अंतरावर राहतात आणि सगळं सांभाळलं जातं. म्हणून अनुभवी माणसं कॅमेऱ्याची बटणं फिरवण्याआधी बसायची जागा ठरवतात.

जागा ठरते वाऱ्यावर. पक्षी शक्यतो वाऱ्याला सामोरे उठतात आणि वाऱ्याला सामोरेच उतरतात. वारा पंखांवरून वाहतच असतो, त्यामुळे उचल मिळायला कमी धावावं लागतं. विमानंही याच कारणाने वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतात. तेव्हा वारा आणि सकाळचं ऊन दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा धरली, की उठणारा पक्षी तोंड आपल्याकडे करून उठतो आणि त्याच्या डोळ्यात उजेडाचा ठिपकाही येतो. बाकी मग वाट पाहणं. बगळ्यासारखे मोठे पक्षी बऱ्याचदा उडण्याआधी शीट टाकून हलके होतात. हौशी फोटोग्राफरांच्या आयुष्यातले कितीतरी रोमांचक क्षण या एका घटनेपासून सुरू होतात, हे छापील लेखांत सहसा कोणी लिहीत नाही.

उडता पक्षी पकडायची ही खटपट जुनी आहे, आणि परखड अभिप्रायही तिच्यात सुरुवातीपासून आहे. एत्येन-ज्यूल मारे हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ आधी फोटोग्राफीच्या वाटेला गेलाच नव्हता. पक्ष्यांच्या अंगावर यंत्रं बांधून तो पंखांच्या हालचालींचे आलेख काढत असे. १८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिजने धावत्या घोड्याचे क्रमवार फोटो काढले. ते पाहून मारे हरखला आणि असेच उडत्या पक्ष्यांचे फोटो मिळाले तर किती बरं, असं त्याने जाहीरपणे लिहिलं. १८८१ मध्ये मायब्रिज पॅरिसला आला तेव्हा कबुतरांचे फोटो घेऊनच आला. त्याचं मोठं स्वागत झालं. पण ते फोटो माऱ्याला पसंत पडले नाहीत, कारण पंखाची एक स्थिती आणि तिच्या पुढची स्थिती यांचा सांधा त्यांत लागत नव्हता. वाहवा करणाऱ्यांची तिथे वाण नव्हती. पण माऱ्याला पक्षी कसा उडतो हे हवं होतं, आणि ते त्या फोटोंत नव्हतं.

माऱ्याने मग स्वतःच यंत्र बनवलं. ज्यूल जान्सेन या खगोलशास्त्रज्ञाने १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणासाठी वापरलेल्या फिरत्या फोटोयंत्राची कल्पना त्याच्यासमोर होती. १८८२ मध्ये नेपल्सला असताना त्याने दिसायला हुबेहूब बंदुकीसारखा कॅमेरा तयार केला. खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. आतली तबकडी फिरत फिरत सेकंदाला बारा चित्रं घ्यायची आणि प्रत्येक चित्राला एक सातशेविसांश सेकंद उजेड मिळायचा. पक्ष्यांवर बंदूक रोखतो आणि एकही पाडत नाही म्हणून तिथले लोक त्याला खुळा म्हणत, असं सांगतात. आजही आम्ही लेन्स खांद्याशी धरून तळ्याकाठी उभे असलो की गुराखी पोरं साधारण त्याच नजरेने बघतात.

बंदुकीतून आलेली चित्रं चिमुकली होती आणि पक्षी काळ्या आकृतीसारखे दिसत. मारे तिथेच थांबला नाही. एकाच काचेवर एकामागून एक स्थिती टिपण्याची पद्धत त्याने काढली, त्यावरून उडत्या पक्ष्यांची शिल्पं केली आणि १८९० मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावर जाडजूड ग्रंथ लिहिला. या सगळ्यात फोटो सुंदर आहे की नाही हा प्रश्न त्याने फारसा विचारलेला दिसत नाही. पक्ष्याबद्दल तो काय सांगतो, एवढंच तो पाहत होता. सरांचा प्रश्न याच जातीचा होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आताच्या कॅमेऱ्यात सेकंदाला वीस फोटो सहज निघतात आणि पक्ष्याचा डोळा कॅमेरा स्वतः शोधून धरतो. पूर्वी अर्धी शाबासकी फोटो स्पष्ट आल्याबद्दलच मिळायची. तिची किंमत आता उतरली आहे, पण शाबासकी देण्याची सवय सुटलेली नाही. फोन उघडून कोणालाही फोटो दाखवा, "वा, अप्रतिम!" ठरलेलं. दाखवणाऱ्यालाही तेच हवं असतं. मला हवं होतं, हे कबूल करते. आपल्याच फोटोकडे बघताना आपल्याला पहाटे तीनला उठणं, गारठलेली बोटं, होडीचं भाडं आणि तीन फुकट गेलेल्या खेपा असं सगळं दिसत असतं. दुसऱ्याला फक्त कागद दिसतो. म्हणून तर दुसरा लागतो.

पण परखड बोलणारा बरोबरच बोलतो असं मात्र नाही, आणि याचा दाखला मीच आहे. आमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलाने एकदा ऑस्प्रेचा फोटो आणला होता. पंख नेमके आडवे, अंगाच्या रेषेत, त्यामुळे पक्षी काठीला डकवल्यासारखा. "पंख वर असावेत नाहीतर खाली, मधले ठेवायचे नाहीत," हा स्पर्धांच्या परीक्षकांचा आवडता नियम मी त्याला ठणकावून सांगितला. त्याचं तोंड पडलं. मग दुसऱ्या एका मित्राने फोटोतल्या पायांवर बोट ठेवलं. एक पाय पुढे, एक मागे, आणि पकडलेला मासा डोकं पुढे करून धरलेला. ऑस्प्रेचं बाहेरचं बोट मागे वळू शकतं, त्यामुळे निसटता मासा त्याला नीट धरता येतो आणि तो लांबट पडला की हवेचा विरोध कमी होतो. हे सगळं त्या फोटोत स्वच्छ दिसत होतं. मी पंखांतच अडकले होते. त्या मुलाला मी त्याच वेळी सॉरी म्हणायला हवं होतं. म्हटलं ते पुढच्या महिन्यात.

तर माझा रोहितांचा फोटो. सरांनी तो टेबलावर ठेवला आणि आधी कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे कोळ्यांच्या जाळ्याची एक काठी पाण्यात रोवलेली होती आणि तिच्या टोकाला खूण म्हणून बांधलेलं फडकं आमच्यापासून दूर, पक्ष्यांच्या दिशेला फडफडत होतं. म्हणजे वारा आमच्या पाठीशी. "मग हे उठताना तोंड कुणीकडे करायला हवं?" सरांनी विचारलं. आमच्याकडे. फोटोत मात्र सगळ्यांच्या शेपट्या आमच्याकडे होत्या. एकूण एक रोहित पाठमोरा, वाऱ्याच्याच दिशेने, म्हणजे उठायला सर्वांत अवघड अशा दिशेने पळत होता. शिंतोड्यांची लांबलचक ओळ, जिचं मला भारी कौतुक होतं, ती म्हणजे उचल मिळत नसल्यामुळे त्यांना जास्तीची टाकावी लागलेली पावलं. "हे उडत नाहीयेत, ताई," सर म्हणाले, "हे पळताहेत. आणि ज्याच्यापासून पळताहेत ते कॅमेऱ्याच्या जागी आहे."

खरं होतं. होडीवाल्या दादांना मीच म्हटलं होतं, "अजून थोडं पुढे घ्या ना." ते घुटमळले होते, मग त्यांनी वल्हं मारलं. गिऱ्हाईक मी होते.

रोहित मान उलटी करून, चोचीने चिखलपाणी गाळत तासन्‌तास खातात. त्यांचं अन्न बारीक असतं, त्यामुळे पोट भरायला वेळच लागतो. सकाळी अशा चार होड्या आल्या आणि चार वेळा थवा उठला, तर त्या दिवसाच्या खाण्याला केवढी कात्री लागत असेल? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत मारणं आणि पकडणं आहेच, शिवाय प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणंही आहे. ते वाचलं तेव्हा खांद्याला लावायच्या त्या बंदुकीची मला नव्याने आठवण झाली. मारे खुळा ठरला तो निदान एकही पक्षी न पाडल्यामुळे. मी चाळीस पक्ष्यांना त्यांच्या जेवणावरून उठवलं होतं आणि त्याची फ्रेम करून भिंतीला लावली होती.

त्या दिवशी मला राग आला होता, आणि तो फडक्याच्या तर्कावर नव्हता. सगळ्यांसमोर सांगितलं याचा होता. घरी येऊन मी त्या सकाळचे सगळे फोटो क्रमाने लावले. आधीच्या फोटोंत पाच-सहा माना वर आलेल्या. पुढे बऱ्याच माना वर, खाणं थांबलेलं. मग काही पक्षी आमच्यापासून दूर चालू लागलेले. होडी तिथेच थांबवायला हवी होती, हे त्या फोटोंत दीड मिनिटभर लिहिलेलं होतं. तेव्हा मी डोळ्यावर फोकस आहे की नाही तेवढंच पाहत होते.

पुढच्या हिवाळ्यात त्याच दादांबरोबर गेले. इंजिन बंद केलेली होडी गवताच्या बेटाला लावून आम्ही तीन तास बसलो. दादांनी डबा उघडला, भाकरी आणि ठेचा मलाही दिला. रोहित लांबच राहिले. उतरत्या उन्हात वारा फिरला, सातआठ रोहितांनी माना वर केल्या आणि वाऱ्याला सामोरे होऊन सावकाश चालू लागले. मग आठ-दहा पावलं धावले आणि आमच्या डावीकडून निघून गेले. पक्षी लहान आले आहेत आणि एकाचा पंख दुसऱ्याच्या मानेवर आला आहे.

तो फोटो बैठकीत ठेवला तेव्हा सरांनी पुन्हा खिडकी गाठली. बराच वेळ गेला. मी नियमाप्रमाणे गप्प होते.

"माना सरळ आहेत," ते म्हणाले. "पाणी मात्र डावीकडे सांडतंय बघा. क्षितिज तिरकं आहे."