पेशींचे चलन आणि ॲक्टिनचे तंतू

शरीरात शिरलेल्या जंतूंचा श्वेत रक्तपेशी पाठलाग करतात, ही गोष्ट आता शालेय पुस्तकांतही येते. परंतु पेशीला ना पाय, ना स्नायू. मग ती 'धावते' म्हणजे नेमके काय करते, ह्या प्रश्नाचा उलगडा व्हावयास विसावे शतक सरत यावे लागले. ह्या उलगड्याच्या केंद्रस्थानी ॲक्टिन नावाचे प्रथिन आहे.

ॲक्टिनचा शोध स्नायूंच्या अभ्यासातून लागला. १९४२ साली हंगेरीतील सेगेड येथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी ह्यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो श्ट्राउब ह्यांनी ते वेगळे केले. मायोसिन ह्या दुसऱ्या स्नायुप्रथिनास ते क्रियाशील करते, म्हणून त्यास हे नाव मिळाले. पुढे अमीबात, रक्तपेशींत, किंबहुना वनस्पतींतही ॲक्टिन आढळले, तेव्हा पेशीही स्नायूप्रमाणे आकुंचन पावून स्वतःस पुढे ओढत असावी, असा तर्क साहजिकच होता. तो अर्धाच खरा ठरला. पेशीची पुढची कड ओढली जात नाही, ती आतून ढकलली जाते.

ह्या तंतूंच्या जाळ्यास पेशीचा 'सांगाडा' म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द सोयीचा खरा, पण फसवा. सांगाडा म्हटले की हाडांसारखी टिकाऊ वस्तू डोळ्यांपुढे येते. येथे मात्र उभारलेले अखंड मोडले जात असते, आणि त्या मोडतोडीवरच सारे चलन अवलंबून असते.

ॲक्टिनचा एकेक रेणू ३७५ अमिनो आम्लांचा. असे रेणू एकास एक जोडले जाऊन सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा, दुपदरी पिळाचा तंतू तयार होतो. त्याची दोन टोके सारखी नसतात. मायोसिनचे तुकडे चिकटविलेला तंतू इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखाली बाणाग्रांच्या रांगेसारखा दिसतो. त्यावरून एका टोकास 'अणकुचीदार' आणि दुसऱ्यास 'काटेरी' असे म्हटले जाते. ही नावे केवळ चित्रावरून पडली आहेत, हे ध्यानात ठेवावयास हवे; कारण पेशीच्या आवरणास ढकलते ते अणकुचीदार टोक नव्हे, तर काटेरी. तेथेच नवे रेणू भराभर जोडले जातात. जोडला जाणारा रेणू ए.टी.पी. ह्या ऊर्जावाहक संयुगासह येतो. तंतूत बसल्यावर त्या ए.टी.पी.चे विघटन होते, रेणूची पकड सैल होते, आणि मागच्या टोकाकडून तो गळून पडतो. कोफिलिन नावाचे प्रथिन जुने तंतू तोडून हे काम लवकर उरकते. सुटलेला रेणू नव्याने ए.टी.पी. घेऊन पुन्हा पुढच्या टोकास लागतो. रहाटाचे गाडगे रिते होऊन खाली जावे आणि भरून वर यावे, तसाच हा क्रम. १९७६ साली आल्ब्रेख्त वेग्नर ह्यांनी तो प्रथम दाखवून दिला.

तथापि रेणू जोडला गेल्याने ढकलण्याचे बळ कोठून येते? चार्ल्स पेस्किन, गॅरेट ओडेल आणि जॉर्ज ऑस्टर ह्यांनी १९९३ साली ह्याचे गणित मांडले. उष्णतेमुळे सूक्ष्म जगातील प्रत्येक वस्तू थरथरत असते. ह्या थरथरीत आवरण आणि तंतूचे टोक ह्यांत क्षणभर फट पडते, तेवढ्यात एक रेणू तीत शिरतो, आणि आवरणास मागे येण्याची वाट उरत नाही. धोंडा पहारीने किंचित उचलताच खाली चीप सरकवावी, तसा हा प्रकार; मात्र येथे पहारीचे काम निव्वळ थरथर करते. प्रत्येक रेणूगणिक तंतू २.७ नॅनोमीटरच वाढतो. परंतु लांब तंतू दाबाखाली वाकतो, म्हणून पेशीला आखूड व ताठ तंतूंची दाटी लागते. सात प्रथिनांचा 'आर्प २/३' हा समुच्चय जुन्या तंतूवर सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फोडतो, तर दुसरी प्रथिने जुन्या टोकांवर टोपी बसवून त्यांची वाढ थांबवितात. मायोसिनचे काम संपले असे मात्र नव्हे. पुढची कड तळाशी चिकटली, की पेशीचा मागचा भाग आवळून पुढे आणण्याचे काम बहुतेक पेशींत तेच करते.

ह्या उपपत्तीचा सर्वांत बोलका पुरावा एका रोगजंतूने पुरविला. लिस्टेरिया हा दूषित अन्नातून शिरणारा जंतू गर्भवतींस व नवजातांस विशेष घातक आहे. तो ज्या पेशीत शिरतो तिच्याच ॲक्टिनचे शेपूट आपल्या मागे उभारतो व त्याच्या रेट्याने पुढे जातो, हे लुइस टिल्नी आणि डॅनियल पोर्टनॉय ह्यांनी १९८९ साली दाखविले. दहा वर्षांनी मारी-फ्रान्स कार्लिये ह्यांच्या गटाने मोजक्या शुद्ध प्रथिनांच्या द्रवात हाच जंतू चालविला. त्या द्रवात मायोसिन नव्हते. निव्वळ तंतूंच्या वाढीने गती उत्पन्न होते, ह्याविषयी त्यानंतर शंका घेण्यास जागा उरली नाही.

लिस्टेरियाची युक्ती उसनी आहे. आर्प २/३ ला जागे करणारे आपल्या पेशींतील प्रथिन असते, त्याचीच नक्कल त्याच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन करते. रक्तपेशींतील ह्या मूळ प्रथिनाचे जनुक १९९४ साली सापडले, ते विस्कॉट-ऑल्ड्रिच रोगाच्या शोधात. हा आनुवंशिक रोग बहुधा मुलग्यांनाच होतो. त्यांच्या श्वेत पेशी संसर्गाच्या जागी नीट पोहोचत नाहीत, एकमेकींशी लढ्यासाठी लागणारा संपर्क धड साधत नाहीत. बिंबाणू लहान व अपुरे असल्याने रक्तस्राव होतो, त्वचेवर इसब उठतो. जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशींचे रोपण केल्यास बरीच मुले बरी होतात, कारण रोपणानंतर ज्या रक्तपेशी तयार होतात त्यांत हे प्रथिन शाबूत असते.