जुने वाहन, घाटाची चढण आणि इंधनातील 'औषध'

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत वाहनाला सपाट रस्ता फार काळ लाभत नाही. खोपोली सोडली की बोरघाट सुरू होतो, नेरळ सोडले की माथेरानची चढण लागते, आणि डोंगरकुशीतील आदिवासी वाड्यांकडे जाणारे रस्ते तर चढउतारांचेच बनलेले आहेत. या रस्त्यांवर धावणारी वाहने बहुधा नवी नसतात. प्रवासी वाहतुकीच्या मिनीडोर व विक्रम, दूध आणि भाजीपाला वाहणारे टेम्पो, शाळेच्या गाड्या, शिक्षकांच्या व पंचायतीच्या कर्मचाऱ्यांच्या दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या मोटारसायकली यांवरच येथील दळणवळणाचा मोठा भार आहे. अशा वाहनाच्या मालकाला लिटरमागे एखादा किलोमीटर जास्त मिळाला, तरी महिनाअखेरीस संसाराला हातभार लागतो.

साहजिकच, टाकीत टोपणभर ओतताच मायलेज वाढते असे सांगणाऱ्या बाटल्यांना गिऱ्हाईक मिळते. सुट्या भागांच्या दुकानांत या बाटल्या 'अ‍ॅडिटिव्ह' म्हणून ओळखल्या जातात. मराठीत त्यांना इंधनपूरके म्हणता येईल. त्यांचा उपयोग कितपत होतो, कोणत्या वाहनाला होतो आणि कोणत्या वाहनाला मुळीच होत नाही, याविषयी मात्र बराच गैरसमज आढळतो.

इंधनपूरके हा प्रकार बनवाबनवीचा आहे, असे सरसकट म्हणणे बरोबर होणार नाही. मोटारीच्या इतिहासात पूरकांनी मोठी कामगिरी केलेली आहे. कधीकधी मोठी हानीही. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिज्ली यांना असे आढळले की, टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळल्यास पेट्रोल अवेळी पेट घेत नाही व इंजिनाची खटखट थांबते. इंजिने अधिक दाबाची व अधिक कार्यक्षम बनविणे त्यामुळे शक्य झाले. परंतु धुराबरोबर बाहेर पडणारे शिसे हवेत आणि मातीत साठत गेले आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचे दुष्परिणाम दिसून आले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभर बंद झाली. जगातील शेवटचा देश म्हणून अल्जीरियाने २०२१ मध्ये ती बंद केली. इंधनात मिसळायचा पदार्थ केवळ गुणकारी असून भागत नाही, तो धुराड्यातून कोणत्या रूपाने बाहेर पडतो हेही पाहावे लागते, हा धडा जगाला फार उशिरा मिळाला.

या ठिकाणी ऑक्टेन अंकाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. ऑक्टेन अंक हा इंधनातील शक्तीचा अंक नव्हे. दाबाखाली अवेळी न पेटण्याची इंधनाची जी क्षमता असते, तिचे ते माप आहे. ज्या इंजिनाची रचनाच ९१ ऑक्टेनसाठी झालेली आहे आणि जे खटखटत नाही, त्याला अधिक ऑक्टेनचे पेट्रोल किंवा ऑक्टेन वाढविणारे द्रव्य दिल्याने जादा धाव मिळत नाही. जुन्या इंजिनात काजळी साचून दाब वाढलेला असेल व चढणीवर खटखट ऐकू येत असेल, तर गोष्ट वेगळी. परंतु तेथेही खरा इलाज काजळी काढण्याचा आणि ठिणगीची वेळ जुळवून घेण्याचा आहे.

मायलेजचा प्रश्न अखेर ऊर्जेच्या हिशेबाचा असतो, आणि हा हिशेब समजून घेण्यास खोपोलीसारखे गाव नाही. येथे १९१५ पासून टाटांचे जलविद्युत केंद्र चालू आहे. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येते आणि त्या उतरण्यातून वीज निर्माण होते. जे पाणी खाली येताना देते, तेच वाहनाला वर जाताना द्यावे लागते. खोपोलीहून खंडाळा-लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरांची चढण आहे. प्रवाशांसह बाराशे किलो वजनाची मोटार एवढी उंच नेण्यास सुमारे साडेसहा दशलक्ष ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे बत्तीस दशलक्ष ज्यूल असतात. परंतु त्यांतील जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो, उरलेली उष्णता रेडिएटर आणि धुराड्यावाटे निघून जाते. म्हणजे रस्त्याचे घर्षण व वाऱ्याचा विरोध बाजूला ठेवला, तरी केवळ उंची गाठण्यासाठीच पाऊण लिटरहून अधिक पेट्रोल खर्च होते. आगगाडीचीही यातून सुटका नाही. १८६३ मध्ये सुरू झालेल्या भोर घाटाच्या रेल्वेमार्गावर सदतीस फुटांत एक फूट अशी चढण असल्याने गाड्यांना आजही कर्जत येथे मागून जादा इंजिने जोडावी लागतात.

आता तीस लिटर पेट्रोलमध्ये ओतलेल्या पाव लिटर द्रव्याचा विचार करावा. ते द्रव्य संपूर्णपणे जळाले, तरी त्यातून मिळणारी ऊर्जा टाकीतील एकूण ऊर्जेच्या शेकडा एक टक्क्याच्या आतबाहेरच असणार. तेव्हा वीस-पंचवीस टक्के वाढीचा दावा खरा ठरावयाचा असेल, तर इंजिनात तेवढे पेट्रोल न जळता वाया जात असले पाहिजे. सुस्थितीतील इंजिनात तसे होत नाही. जवळजवळ सर्व इंधन जळते. वाया जाते ती उष्णता, आणि उष्णता अडविण्याचे सामर्थ्य कोणत्याही बाटलीत नाही. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मायलेज वाढविणारी शंभरांहून अधिक साधने व द्रव्ये तपासली. बहुतेकांचा काहीही उपयोग दिसून आला नाही. ज्या थोड्यांनी किंचित बचत दाखविली, त्यांतील काहींनी धुरातील प्रदूषण वाढविले. आपल्याकडे १९९६ मध्ये तामिळनाडूतील रामर पिळ्ळै यांच्या वनौषधी पेट्रोलचा देशभर गाजावाजा झाला. शास्त्रीय कसोटीवर तेही टिकले नाही.

जेथे उपयोग होतो तेथे

एका ठिकाणी मात्र पूरके प्रामाणिकपणे काम करतात. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी आणि झडपांवर कालांतराने चिकट थर बसतो. फवारा नीट न होता थेंब पडू लागतात आणि ज्वलन बिघडते. अशा वेळी स्वच्छक द्रव्याने हा थर हळूहळू विरघळतो व गमावलेले मायलेज काही अंशी परत मिळते. येथे 'परत मिळते' हे शब्द महत्त्वाचे आहेत. वाहन नवे असताना जी धाव देत होते, तिच्यापलीकडे स्वच्छक द्रव्य नेऊ शकत नाही. ज्याच्या इंजिनात थरच नाही, त्याला त्यापासून काही मिळत नाही. शिवाय पिस्टनच्या कड्या झिजलेल्या, झडपा नीट न बसणाऱ्या इंजिनावर हा उपाय चालत नाही. तेथे मेकॅनिकच गाठावा लागतो. २००२ च्या सुमारास तेल कंपन्यांनी बाजारात आणलेल्या 'स्पीड', 'पॉवर' यांसारख्या पेट्रोलमध्ये अशीच स्वच्छक द्रव्ये मिसळलेली असतात. ते पेट्रोल भरणाऱ्याने वरून पुन्हा बाटली ओतणे म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे देणे होय.

अलीकडे या बाटल्यांना नवे निमित्त मिळाले आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने देशभर आले. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमध्ये मुळातच सहा-सात टक्के ऊर्जा कमी येते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकी वाहनांच्या मायलेजमध्ये सहा ते सात टक्के आणि दुचाकींच्या मायलेजमध्ये तीन ते चार टक्के घट अपेक्षित धरलेली होती. जुन्या वाहनाच्या मालकाला जाणवणारी घट ही अशी समजण्यासारखी आहे, आणि ती बाटलीने भरून येणारी नाही. त्याने पाहावयाचे ते दुसरेच. जुन्या रबरी नळ्या व वॉशर इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. ते तपासून बदलून घ्यावेत. इथेनॉल पाणी शोषून घेते. कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात, महिनोन्‌महिने दमट हवेत उभ्या राहणाऱ्या वाहनाच्या टाकीत पाणी शिरल्यास ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते आणि इंजिन सुरू होत नाही. टाकीच्या झाकणाची रबरी कडी शाबूत ठेवणे आणि वाहन फार काळ उभे न ठेवणे, हा यावरील स्वस्त उपाय आहे.

घरगुती उपायांचा उल्लेख टाळता येत नाही. टाकीत डांबराच्या गोळ्या टाकण्याची प्रथा पुष्कळ जुनी आहे. गोळीतील नॅप्थॅलिन पेट्रोलमध्ये विरघळते हे खरे, परंतु ते जळताना काजळी फार धरते आणि थंड जागी पुन्हा स्फटिकरूपाने बाहेर पडून बारीक छिद्रे बुजवू शकते. रॉकेलची भेसळ ही त्याहून वाईट. रॉकेल मिसळलेले पेट्रोल खटखटते, न जळलेले रॉकेल वंगण तेलात उतरून ते पातळ करते आणि इंजिन अकाली झिजते. शिवाय अशी भेसळ जीवनावश्यक वस्तू कायद्याखालील आदेशांनुसार गुन्हा आहे. पेट्रोलविषयी शंका असल्यास पंपावर गाळणकागदाची चाचणी मागण्याचा ग्राहकास हक्क आहे. कागदावर टाकलेला थेंब दोनएक मिनिटांत डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. घनतेची नोंद आणि पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजणी हीदेखील मागता येते. फारच थोडे ग्राहक ती मागतात.

मायलेज जाते कोठे

जुन्या वाहनाचे मायलेज ज्या वाटांनी गळते, त्या वाटा साध्या आहेत. चाकात हवा कमी असते. ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि चाक हाताने फिरवून पाहिल्यास जड लागते. चढणीवर क्लच घसरतो व इंजिन नुसतेच ओरडते. उन्हाळ्यात खडी व मातीच्या रस्त्यांवरून धावल्यावर हवेची गाळणी धुळीने भरते. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याचा परिणाम पेट्रोलवर ताबडतोब दिसतो. केंद्र सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत १९७८ मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना टायरमधील हवेविषयी वर्षानुवर्षे सांगत आली आहे की, दाब पाव हिश्श्याने घटल्यास पेट्रोल पाच ते दहा टक्के अधिक लागते. पंपावर हवा विनामूल्य मिळते.

उताराविषयी अधिक सावध राहणे आवश्यक आहे, कारण येथे पैशाबरोबर प्राणाचाही प्रश्न आहे. माथेरानहून नेरळकडे किंवा खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गिअर काढून, प्रसंगी इंजिनही बंद करून वाहन सोडून देणारे चालक आढळतात. यात डिझेल-पेट्रोल वाचते अशी त्यांची समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. इंजेक्टरच्या पेट्रोल गाडीत आणि डिझेल गाडीत, वाहन गिअरमध्ये असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ पूर्ण थांबतो. चाकेच इंजिनाला फिरवितात. गिअर काढला, तर इंजिन चालू ठेवण्यासाठी मात्र इंधन लागत राहते. इंजिन बंद केल्यास तेवढे थेंब वाचतील, परंतु अनेक वाहनांत ब्रेकला मिळणारी मदत इंजिनापासूनच येत असल्याने दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि सुकाणू जड होते. इंजिनाचा रोध नाहीसा झाल्याने सर्व भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि नेमके वळणावर धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढला, त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच बरोबर आहे.

बाटलीची परीक्षा स्वतः घ्यावयाची असल्यास ती अवघड नाही, मात्र एका टाकीवरून निर्णय करू नये. एकाच पंपावर, नळी आपोआप प्रथम बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा आकडा लिहावा आणि पुन्हा तेथेच भरताना किती लिटर बसले ते पाहावे. अशा तीन-चार टाक्या द्रव्याविना आणि तेवढ्याच द्रव्यासह, त्याच रस्त्यावर व साधारण तेवढ्याच भाराने चालवाव्यात. घाटाची फेरी एका बाजूला आणि कर्जत-चौक रस्त्याची फेरी दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना केल्यास तिला अर्थ उरत नाही. शक्य झाल्यास कोणत्या टाकीत द्रव्य आहे हे चालकाला सांगू नये. पैसे देऊन बाटली ओतलेला माणूस नकळत जपून गाडी चालवितो, आणि वाढलेले मायलेज पुष्कळदा त्या जपण्याचेच असते. पंचायतीच्या किंवा शाळेच्या वाहनाचे लॉगबुक नियमित भरले जात असेल, तर त्यातील मागील सहा महिन्यांचे आकडे या कामी आयतेच उपयोगी पडतात. मायलेज एकाएकी घसरलेला महिना त्यात दिसला, तर त्या महिन्यात वाहनाचे काय झाले हे आधी शोधावे.

खर्चाचा हिशेब त्यानंतर करावा. समजा, बाटली तीनशे रुपयांची आहे आणि ती तीस लिटरना पुरते. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरल्यास टाकी तीन हजारांची झाली आणि बाटलीमुळे खर्च दहा टक्क्यांनी वाढला. लिटरमागे पंधरा किलोमीटर देणारी गाडी साडेसोळा देऊ लागली, तरच बाटलीचे पैसे निघतील, नफा त्यानंतर. तेवढ्याच तीनशे रुपयांत अनेक मोटारसायकलींची हवागाळणी आणि स्पार्क प्लग बदलून होतो.