विश्लेषण : अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे डोंगर जगात खरोखर तीनच आहेत?

अंधेरी पश्चिमेच्या दाट वस्तीत इमारतींच्या मागून अचानक एक काळा, सरळसोट कडा वर आलेला दिसतो. सुमारे ६१ मीटर, म्हणजे २०० फूट उंचीची ही गिल्बर्ट हिल. ‘अमेरिकेतील दोन ठिकाणे सोडली तर असा डोंगर जगात कुठेही नाही’, अशी तिची ओळख समाजमाध्यमांवर आणि अनेकदा बातम्यांतही करून दिली जाते. या दाव्यात तथ्य किती, ही टेकडी तयार कशी झाली आणि तिला धोका कशाचा आहे?

टेकडी कशी तयार झाली?

ज्वालामुखी म्हटले की शंकूसारखा, माथ्यातून धूर सोडणारा पर्वत डोळ्यांपुढे येतो. दख्खनचा ज्वालामुखी बहुतांशी तसा नव्हता. जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहत राहिला आणि थरावर थर साचत गेले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पट्ट्या म्हणजे हेच थर. आजही हा काळा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. गिल्बर्ट हिलचा खडकही याच ज्वालामुखीय कालखंडातला, म्हणजे सहा ते साडेसहा कोटी वर्षे जुना. फरक इतकाच की येथे आडव्या पट्ट्यांऐवजी शेजारी शेजारी रचल्यासारखे उभे खांब दिसतात.

दगडाचे खांब कसे होतात?

उन्हाळ्यात तळे आटले की तळाच्या चिखलाला भेगा पडतात. चिखल आकसतो, ताण सुटायला वाट हवी असते आणि भेगांचे जाळे तयार होते. तापलेला दगड थंड होतानाही असाच आकसतो. जाड थर सावकाश आणि एकसारखा निवला, तर ताण सर्व बाजूंनी सारखा पडतो आणि भेगा एकमेकींना साधारण १२० अंशांत मिळतात. त्यातून षटकोन तयार होतो. प्रत्यक्षात पाच किंवा सात बाजूंचे खांबही असतात. निसर्ग काही कंपास घेऊन बसत नाही. दगड पृष्ठभागाकडून आत निवत जातो, तशी भेगही आत सरकते. आडव्या पृष्ठभागाखाली म्हणूनच खांब उभे होतात.

मग ‘जगात तीनच’ हे खरे का?

नाही. ज्या दोन अमेरिकी ठिकाणांशी तुलना होते, ती आहेत वायोमिंगमधील डेव्हिल्स टॉवर आणि कॅलिफोर्नियातील डेव्हिल्स पोस्टपाइल. टॉवरची उंची पायथ्यापासून सुमारे २६४ मीटर असून त्याचा खडक बेसाल्ट नाही, फोनोलाइट प्रकारचा आहे. पोस्टपाइलचे वय एक लाख वर्षांहूनही कमी. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरील जायंट्स कॉजवेत असे सुमारे ४० हजार खांब आहेत आणि १९८६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. इतके लांब जायचीही गरज नाही. कर्नाटकात मलपेजवळच्या सेंट मेरी बेटांवर असे खांब आहेत. महाराष्ट्रात पन्हाळा तालुक्यातील बांदिवडे येथे आणि यवतमाळ जिल्ह्यातही ते आहेत.

या चुकीच्या दाव्याचा तोटा गिल्बर्ट हिलला नव्हे, बाकीच्या ठिकाणांना होतो. ‘तीनच’ म्हटले की बांदिवडेचे खांब मोजदादीतूनच बाद होतात. अंधेरीच्या टेकडीचे वेगळेपण दुर्मीळतेपेक्षा तिच्या जागेत आहे. महानगराच्या मधोमध, रेल्वे स्थानकापासून रिक्षाने काही मिनिटांवर, विद्यार्थ्यांना भूगोलाच्या पुस्तकातला धडा उभाच्या उभा पाहता येतो.

धोका कशाचा?

आधी खाणकामाचा होता. वाढत्या मुंबईला खडी आणि दगड हवा होता. जोगेश्वरीकडे असलेले असेच खांब खाणींनी संपवले. गिल्बर्ट हिलला २००७ मध्ये महापालिकेने श्रेणी दोनचा वारसा दर्जा दिला आणि तेथे खोदकामाला मनाई झाली.

पण वारसा दर्जा सुरुंग थांबवतो, पाऊस थांबवत नाही. खांबांमधल्या भेगा म्हणजे पाण्यासाठी तयार वाटा. पावसाळ्यात पाणी आत मुरते, झाडांची मुळे फटी रुंद करतात आणि कडेचा खांब सुटा होऊ लागतो. मोकळ्या रानात तो कोसळला तर पायथ्याशी दगडांची रास जमते. येथे पायथ्याशी घरे आहेत. डेव्हिल्स टॉवरभोवती १,३४७ एकरांचे संरक्षित क्षेत्र आहे. अंधेरीत तेवढी जागा कोणी मागणारही नाही. पण माथ्यावरच्या पाण्याचा निचरा, सैल दगडांची पावसाळ्यापूर्वी तपासणी आणि कड्याखाली बांधकामाविना ठेवलेला पट्टा ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. तेथे राहणाऱ्यांना विश्वासात न घेता यातले तिसरे काम होणार नाही, हेही उघड आहे.

पाहायला जायचे तर?

माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे आणि तिथवर खडकातून चढणाऱ्या पायऱ्या आहेत. वरून चहूकडची अंधेरी आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला समुद्र दिसतो. मात्र बहुतेक जण वर जाऊन परततात आणि ज्यासाठी आले ते खांब पायाखालीच राहून जातात. ते पाहायचे तर खाली उतरून कड्याच्या बाजूने, थोडे अंतर राखून पाहावे लागते. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात आणि त्या दिवसांत कड्याला अगदी खेटून उभे राहणे टाळावे.