'द्वारा' : राउटरमधल्या पत्ताबदलाची गोष्ट

जुन्या नाशकातल्या वाड्यांत राहणाऱ्या बिऱ्हाडकरूंच्या पत्रांवर 'द्वारा' लिहून वाडामालकाचे नाव घालायची पद्धत होती. पोस्टमनला वाडा ठाऊक असला की पुरे. कोणते बिऱ्हाड माडीवर आणि कोणते परसदारी, हे वाड्यात विचारले की कळे. आपल्या घरातला राउटर नेमके हेच काम करतो. त्याला 'नेटवर्क अॅड्रेस ट्रान्सलेशन' किंवा थोडक्यात 'नॅट' म्हणतात. आपण पत्ताबदल म्हणू. त्याची गरज का पडली, तो बिघडला तर कसे ओळखावे आणि त्यापायी आपण काय गमावले, हे समजून घेण्यासारखे आहे.

आपल्या पिन कोडची सुरुवात १५ ऑगस्ट १९७२ची. त्याचे जनक म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर ओळखले जातात. ते संस्कृत कवीही होते. ४२२००१ हा क्रमांक पोस्ट कार्यालय दाखवतो, घर नव्हे. म्हणून सहा आकडे अजून पुरतात. इंटरनेटच्या पत्त्याची कल्पना वेगळी होती. प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक मिळावा, असे त्यात गृहीत होते. १९८१मध्ये ठरलेल्या रचनेत असे क्रमांक ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे जगातल्या दर माणशी एकही नाही. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, तेव्हाच हा साठा संपणार हे जाणकारांना दिसत होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले.

मे १९९४मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी पत्ताबदलाची योजना मांडली, ती तात्पुरती सोय म्हणून. हीच तात्पुरती सोय आज घरोघरी आहे.

तिचे काम सोपे आहे. घरातल्या फोनला राउटर १९२.१६८.१.५ असा खासगी पत्ता देतो. हा पत्ता लाखो घरांत एकाच वेळी असतो, म्हणून बाहेर तो चालत नाही. फोनने मागणी पाठवली की राउटर त्यावरचा पत्ता खोडून आपला सार्वजनिक पत्ता घालतो, सोबत एक पोर्ट क्रमांक लावतो आणि वहीत नोंद करतो : 'या क्रमांकावर उत्तर आले तर ते पाचव्या खोलीत द्यायचे.' उत्तर आले की नोंद पाहून ते पोचवले जाते. नोंदच नसलेले काही आले, तर सहसा ते दारातच टाकून दिले जाते.

आता बिघाड. वाय-फायची खूण दिसते आणि इंटरनेट मात्र नाही, अशा वेळी पायरीपायरीने जावे. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. दोष घरातच आहे. पत्ता नीट असेल, तर राउटरच्या पानावर जाऊन 'वॅन' म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा. तिथे सगळी शून्ये असतील, तर कंपनीकडून जोडणीच झालेली नाही. वायर, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड तपासावा. बाहेरचा पत्ता आहे, राउटरच्या स्वतःच्या चाचणीत इंटरनेट चालते, पण घरातल्या एकाही यंत्रावर येत नाही, असे असेल तर 'नॅट'ची खूण चालू आहे का ते पाहावे. ती बंद असली की मागणी खासगी पत्ता घेऊनच बाहेर पडते, आणि असल्या पत्त्यावर उत्तर परत येऊ शकत नाही.

आणखी एक नेहमीचा घोळ दोन राउटरचा. कंपनीच्या फायबरच्या डबीतच राउटर असतो. त्यामागे आपण बाजारातला दुसरा लावतो. दोघेही १९२.१६८.१ याच मालिकेतले पत्ते वाटू लागले, तर दुसऱ्या राउटरला घर कोणते आणि बाहेर कोणते हेच कळेनासे होते. दुसऱ्याची मालिका १९२.१६८.२ करावी; त्याहून बरे म्हणजे त्याला 'अॅक्सेस पॉइंट' करून पत्ताबदलाचे काम एकाकडेच ठेवावे.

यापुढची अडचण आपल्या हातातली नाही. 'वॅन'चा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला असेल, तर आपल्या राउटरच्या वर कंपनीही पत्ताबदल करत आहे. ही मालिका एप्रिल २०१२मध्ये खास त्यासाठी राखून ठेवली गेली. एका सार्वजनिक पत्त्यामागे तेव्हा एक घर नसते, अनेक घरे असतात. वाडा गावाएवढा झाला, असे समजा. व्हिडिओ पाहायला, पैसे पाठवायला यात काही अडत नाही. पण दिंडोरीच्या द्राक्षबागेतला कॅमेरा मुंबईहून थेट पाहायचा म्हटले, की आपल्या राउटरमधले 'पोर्ट फॉरवर्डिंग' निरुपयोगी ठरते. बाहेरून येणारी हाक वरच्या दारातच अडते. मग जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्यायचा, नाहीतर कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्फत आपलेच शेत पाहायचे.

मला खरा तोटा इथे दिसतो. इंटरनेटवर प्रत्येक यंत्र बोलावू शके आणि त्यालाही बोलावता येई. आता आपण हाक मारू शकतो, पण आपल्याला कुणी थेट हाक मारू शकत नाही. मध्ये कुणीतरी मोठा लागतोच. दुसरी बाजू चौकशीची. एखाद्या गैरकृत्यामागे कोण, हे शोधताना नुसता सार्वजनिक पत्ता पुरत नाही. नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांकही लागतो. नाहीतर संशय साऱ्या वाड्यावर.

उपाय आहे : १९९५मध्ये मांडलेली सहावी आवृत्ती, 'आयपीव्ही६'. तीत ३४०वर छत्तीस शून्ये इतके पत्ते आहेत, आणि तिच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. आपल्या राउटरमध्ये ती चालू आहे का, हे जरूर पाहावे. मात्र तिथे फायरवॉल चालू ठेवावी. पत्ताबदलामुळे दारावर आपोआप राखण होत होती. स्वतःचा पत्ता मिळाला की राखणही स्वतःच करावी लागते.