विश्लेषण : जुनी ‘स्पोर्ट्स कार’ रोजच्या वापरासाठी घ्यावी का?

दहा लाखांच्या आसपास बजेट असले की शोरूममध्ये बहुतेकांना छोटी एसयूव्ही दाखवली जाते. तेवढ्याच किंवा त्याहून कमी पैशांत वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात एखादी वेगवान, टर्बो इंजिनाची, आठ-दहा वर्षांपूर्वीची गाडी उभी असते. तिशीतल्या नोकरदाराचे मन तिथे अडकणे स्वाभाविक आहे. पण ही गाडी फक्त रविवारी लोणावळ्याला न्यायची नसून रोज सकाळी हिंजवडीच्या किंवा ठाण्याच्या रांगेत उभी करायची असेल, तर हिशेब बदलतो. अशी गाडी निवडताना काय पाहावे, खर्च कुठे दडलेला असतो आणि कागदपत्रांत कुठे फसगत होते, याविषयी...

भारतात परवडणारी ‘स्पोर्ट्स कार’ कोणती?

व्याख्येप्रमाणे पाहिले तर दोन दारांची, बुटकी, दोन माणसांची गाडी म्हणजे स्पोर्ट्स कार. ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड४, मर्सिडीज एसएलके या गाड्या भारतात आल्या, पण मोजक्याच. प्रत्यक्षात आपल्याकडे या शौकाची भूक भागवली ती नेहमीच्या गाड्यांच्या तिखट आवृत्त्यांनी. फियाटची अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५ मध्ये आली. १.४ लिटर टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार रुपये. ती पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होत असे. चाकणच्या फोक्सवॅगनने २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आणली, तिची ताकद सुमारे १०५ अश्वशक्ती. मारुतीची बलेनो आरएस मार्च २०१७ मध्ये आली, एक लिटर टर्बो इंजिनासह. त्याच वर्षीची २३० अश्वशक्तीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस मात्र वरच्या पायरीवरची. या गाड्यांना स्पोर्ट्स कार म्हणायला शौकीन नाक मुरडतील. पण ज्याला मागच्या सीटवर आई-वडिलांनाही बसवायचे आहे, त्याच्यासाठी हीच यादी कामाची.

जुनी वेगवान गाडी इतकी स्वस्त का मिळते?

गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चाळीस लाखांची गाडी दहा लाखांत मिळाली, तरी तिचा हेडलाइट, ब्रेक डिस्क आणि शॉक अॅब्सॉर्बर चाळीस लाखांच्या गाडीचेच राहतात. बाजाराला हे ठाऊक असते, म्हणून भाव पडतो. घेणाऱ्याला ते पहिल्या मोठ्या बिलाच्या वेळी कळते. त्यामुळे सगळे बजेट गाडीच्या किमतीत संपवू नये. किमतीच्या किमान पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर एक पायरी खालची गाडी पाहावी. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, सगळी ऑइल आणि सस्पेन्शनचे बुश एवढे बदलले तरी यातला बराचसा भाग संपतो.

अश्वशक्तीपेक्षा गिअरबॉक्स महत्त्वाचा का?

रोजच्या वापरात सर्वाधिक त्रास इथूनच सुरू होतो. पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे डीएसजी गिअरबॉक्स आहे. यात दोन क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. एका गिअरवर गाडी धावत असताना पुढचा गिअर तयार असतो, म्हणून बदल क्षणात होतो. महामार्गावर ही यंत्रणा सुखावते. मात्र या विशिष्ट गिअरबॉक्समधले क्लच ‘ड्राय’, म्हणजे तेलात न बुडालेले आहेत. वाहतूक कोंडीत गाडी दोन-दोन फूट पुढे सरकते तेव्हा क्लच पूर्ण जुळतही नाही आणि पूर्ण सुटतही नाही, घासत राहतो. त्यातून तयार होणारी उष्णता वाहून न्यायला तेल नसते. क्लच आणि त्यांना चालवणारे ‘मेकाट्रॉनिक’ युनिट बदलण्याची वेळ आली तर ते बिल सर्व्हिसिंगच्या बिलासारखे नसते.

ऑक्टाव्हिया आरएसचा सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा आहे. तो उष्णता अधिक चांगली सोसतो. पण त्याचे तेल आणि फिल्टर साधारण दर ६० हजार किलोमीटरला बदलावे लागतात. विक्रेत्याकडे या कामाचे बिल मागावे. ‘केलंय हो सगळं’ हे बिल नव्हे.

अबार्थ आणि बलेनो आरएस या दोन्ही गाड्यांत साधा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. कोंडीत डावा गुडघा भरून येतो, हे खरे. पण क्लच प्लेट झिजली तर तिचा खर्च आधी विचारता येतो आणि अनुभवी मेकॅनिक ती बदलू शकतो. ऑटोमॅटिकच हवी असेल तर २०२० नंतरची एक लिटर टीएसआय पोलो पाहावी. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर आहे. तो किंचित संथ, पण कोंडीला सरावलेला.

चाचणीसाठी विक्रेता हमखास मोकळा रस्ता निवडतो. खरेदीदाराने मात्र अर्धा तास गर्दीतून, मग चढावर आणि शेवटी रिव्हर्समध्ये गाडी चालवून पाहावी. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये हिसके बसत असतील तर ते पुढे वाढतच जातात.

स्पीडब्रेकर आणि खड्ड्यांचे काय?

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलसर स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. सोसायटीच्या फाटकातल्या ब्रेकरने हे मानक वाचलेले नसते. अबार्थ पुंटोचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर. एकटा माणूस असेल तर चालते. चार माणसे आणि डिकीत सामान असेल तर आणखी दबते. म्हणून चाचणीला तीन मित्र बरोबर घ्यावेत आणि गाडी स्वतःच्या पार्किंगच्या उतारापर्यंत न्यावी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायरची नक्षी शाबूत असली तरी जुने रबर पावसात पकड सोडते.

सुटे भाग कुठून मिळणार?

फियाटची प्रवासी गाड्यांची विक्री एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष येण्याआधीच थांबली. अबार्थचे दरवाजे, बॉनेट साध्या पुंटोचे असल्याने ते शोधता येतात. खास तिच्यासाठीचे भाग अवघड. तिच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो वेळेवर बदलला नाही आणि तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन खोलावे लागू शकते. पोलोचा कारभार तुलनेने सोपा, कारण रस्त्यावर तिची संख्या मोठी आहे आणि व्हेंटो, रॅपिड यांच्याशी तिचे बरेच भाग जुळतात.

गाडी पाहायला जाण्याआधीच सुट्या भागांच्या दुकानात दोन फोन करावेत. पुढचा शॉक अॅब्सॉर्बर, हेडलाइट आणि क्लच, यांची किंमत किती आणि किती दिवसांत मिळतील, एवढेच विचारावे. तिन्हींचे उत्तर ‘मागवावे लागेल’ असे आले, तर ती गाडी घरातली दुसरी म्हणून ठीक. ऑफिसला जायची एकमेव म्हणून नाही. जुन्या टीटी किंवा झेड४ बद्दल बहुधा हेच उत्तर येईल.

दिल्लीची स्वस्त गाडी घ्यावी का?

दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवरील निर्बंधांच्या धास्तीने तिथले भाव महाराष्ट्रापेक्षा उतरलेले दिसतात. मात्र परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. वाचलेले पैसे बरेचदा इथेच जातात. कर्ज फिटल्याची नोंद झाली आहे का, हेही तपासावे.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क साध्या कारसाठी ५ हजार, तर आयात केलेल्या कारसाठी ४० हजार रुपये झाले. वीस वर्षांपुढील गाड्यांचे शुल्क २०२५ मध्ये आणखी वाढले. तेरा-चौदा वर्षांची दोन सीटांची गाडी ‘मातीमोल’ दिसते, त्यामागे हेही एक कारण असते.

विमा आणि पेट्रोलचा खर्च किती वाढतो?

जुन्या गाडीला ‘झिरो डेप’ संरक्षण सहसा मिळत नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवरही तितकाच. बंपर प्लास्टिकचा असतो, तेव्हा निम्मा खर्च खिशातून. आधीच्या मालकाने ताकद वाढवण्यासाठी इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलले असेल, म्हणजे ‘रिमॅप’ केले असेल, आणि विमा कंपनीला कळवले नसेल, तर दावा अडू शकतो. शिवाय अशा गाडीचा टर्बो आणि क्लच किती ताणला गेला आहे, हे बाहेरून दिसत नाही. रिमॅप केलेली गाडी रोजच्यासाठी टाळलेलीच बरी.

ई२० पेट्रोलमुळे त्यासाठी न बनलेल्या गाड्यांचे मायलेज ३ ते ६ टक्के घटू शकते, असे केंद्र सरकारनेच म्हटले आहे. जास्त काळजी इंधनाच्या रबरी नळ्यांची. इथेनॉलने जुने रबर लवकर खराब होते, त्यामुळे दहा वर्षांच्या गाडीत या नळ्या आणि सील तपासून घ्यावेत.

खरेदीआधी तपासणी कशी करावी?

गाडी विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे, आपल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवावी. खालून तेलगळती, वाकलेली चासी, वेल्डिंगच्या खुणा दिसतात. या गाड्यांत ओबीडी पोर्ट असतो. त्याला स्कॅनर लावला की इंजिनाने नोंदवलेले दोष मोबाइलवर वाचता येतात. इथे एक खाचखळगा आहे. दोष आदल्या दिवशी पुसून टाकता येतात आणि स्क्रीन स्वच्छ दिसते. पण त्याच अॅपमध्ये ‘रेडिनेस मॉनिटर’ असा भाग असतो. कोड नुकतेच पुसले असतील तर त्यातल्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात, कारण त्या पूर्ण व्हायला गाडी काही काळ वेगवेगळ्या परिस्थितीत चालावी लागते. बॅटरी काढली असली तरी असे होते, म्हणून विक्रेत्याला कारण विचारावे, तीन-चार दिवस गाडी चालवू द्यावी आणि पुन्हा स्कॅन करावे. पाहायला जाताना इंजिन थंडच ठेवायला सांगावे. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले, तर दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागावी.