जुन्या वस्तूंचे मोल

भीमाशंकराच्या मंदिराच्या आवारातील मोठी घंटा मूळची वसईची. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्यानंतर ती येथे आली. स्थान बदलले, तरी तिचा नाद सरला नाही.

जुन्या कपड्यांचेही तसेच आहे. अंशू गुप्ता यांनी 1999 साली दिल्लीत स्थापिलेली ‘गूंज’ ही संस्था शहरांतून वापरलेले कपडे गोळा करते. फावल्या वेळात येणारे स्वयंसेवकही ते निवडण्यास हातभार लावतात. कारण मळका, फाटका कपडा देणे म्हणजे घेणाऱ्याचा अपमानच होय. खेड्यांतील लोक एकत्र येऊन विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमांबद्दल त्यांना हे कपडे मिळतात. त्यामुळे घेणाऱ्याची मान ताठ राहते. देताना दुसऱ्याचा मान राखणे, हेच खरे औदार्य होय.