कामासाठी आलेला पाहुणा आणि उशिरा येणारा पैसा

पर्यटन म्हटलं की आपल्याला देऊळ, किल्ला नाहीतर समुद्रकिनारा आठवतो. पण एक पाहुणा असा असतो, जो फिरायला येतच नाही. तो कामाला येतो. कंपनीची मीटिंग, प्रशिक्षण, प्रदर्शन, परिषद, कोर्टाची तारीख, काहीही असेल. दोन दिवस राहतो, चार वेळा जेवतो, जाताना घरच्यांसाठी काहीतरी बांधून नेतो. याला म्हणतात व्यवसाय पर्यटन. आजची गोष्ट या पाहुण्याची, आणि त्याच्या पैशाची.

मी परळ-लालबाग भागात बचत गटांचं काम पाहते. आमच्याकडे दोन्ही तऱ्हेचे पाहुणे येतात. लालबागचा राजा 1934 पासून बसतो. त्या दहा दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. वडापाव, पाणी, फुलं, जे मांडाल ते खपतं. अकराव्या दिवशी रस्ता मोकळा. ऑफिसच्या कामाला येणाऱ्या माणसाचं तसं नाही. तो पावसाळ्यातही येतो, मंगळवारीही येतो. खर्च कंपनीचा असतो, त्यामुळे घासाघीसही कमी करतो. मात्र त्याला जेवण एक म्हणजे एकलाच लागतं, ताट स्वच्छ लागतं आणि पक्कं बिल लागतं.

मुंबईत हे काल-परवा सुरू झालेलं नाही. गिरगावात माधवाश्रम 1908 पासून आहे. कोर्टाच्या, सरकारी कचेरीच्या किंवा व्यापाराच्या कामासाठी गावाकडून येणाऱ्या मराठी माणसाला घरचं जेवण आणि परवडणारी खोली मिळावी, अशा अनेक जागा त्या काळात गिरगावात होत्या. महाल नको, धुतलेली चादर आणि वेळेवर आमटी-भात हवा, हे त्यांनी ओळखलं होतं.

आमच्या गिरणगावात तर हा धंदा बायकांनीच उभा केला. कोकणातून, घाटावरून पुरुष एकटे गिरणीत यायचे. बायको-मुलं गावाला. त्याला काही आपण पर्यटक म्हणणार नाही, पण कामासाठी आलेला, घर नसलेला माणूस तो होताच. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एखादी वहिनी आपल्या नवऱ्याबरोबर आणखी दहा-पंधरा जणांना जेवायला घालायची. पाळीप्रमाणे जेवण. पहिल्या पाळीचा जेवून उठला की दुसऱ्याचं पान. हीच ती खाणावळ.

आता नीट ऐका, कारण खरी गंमत इथे आहे. गिऱ्हाईक बांधलेलं होतं, रोजचं होतं, चव आवडत होती. तरी खाणावळवाली कर्जातच असायची. का? गिरणी कामगार महिन्याचे पैसे पगार झाल्यावर द्यायचा. पण तांदूळ, डाळ, मासळी, रॉकेल तिला आज लागायचं. मग वाण्याकडे उधारी, सावकाराकडे कर्ज, कधी मंगळसूत्र गहाण. नफा सगळा व्याजात जायचा. स्वयंपाक तिचा, फायदा थांबू शकणाऱ्याचा.

ही गाठ ओळखली प्रेमा पुरव यांनी. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या, पुढे मुंबईत गिरणी कामगारांच्या चळवळीत काम केलेल्या या बाई. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी. 1975 मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवातीला चौदा खाणावळवाल्या एकत्र आल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांना मिळालं. तारण काय, तर एकमेकींची हमी. आज आपण बचत गटात जे करतो, तेच. सरकारने प्रेमाताईंना पद्मश्रीही दिली.

पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. खाणावळींचं गिऱ्हाईक गावाला निघून गेलं. एकाच दरवाजावर अवलंबून राहिल्याचा फटका काय असतो, तो तेव्हा कळला. अन्नपूर्णाने मग बाहेरच्या ऑर्डरी घेऊन जेवण पुरवण्याचं काम वाढवलं, वाशीला नोकरदार महिलांसाठी वसतिगृहही चालवलं.

गिरण्यांच्या जागी आज काय आहे, ते येऊन बघा. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आणि सेंट रेजिस हे पंचतारांकित हॉटेल. परळला आयटीसी ग्रँड सेंट्रल. आत मोठमोठी सभागृहं, रोज कुठल्या तरी कंपनीचा कार्यक्रम. परिसरात पैसा येतो हे खरं. पण खोलीचं भाडं हॉटेलच्या कंपनीला जातं आणि चाळीतल्या बाईच्या वाट्याला बहुतेक वेळा ठेकेदारामार्फत साफसफाईची नोकरी येते. माझं स्पष्ट मत आहे: पाहुणे वाढले म्हणजे गावाचं उत्पन्न वाढलं असं नसतं. ताट कोणाच्या हातातून गेलं आणि बिल कोणाच्या नावाने फाटलं, ते बघायचं.

आमच्या गटांना काम मिळतं ते लहान ठिकाणी. संस्थांची प्रशिक्षणं, बँकांच्या बैठका, दवाखान्यांच्या कार्यशाळा. तुमच्या तालुक्यातही असे पाहुणे आहेत. एमआयडीसीत मशीन बसवायला आलेले कारागीर, साखर कारखान्यावर आलेले तपासनीस, पंचायत समितीची प्रशिक्षणं, कृषी प्रदर्शनं. ते आज कुठे जेवतात, ते आधी विचारून या.

आता हिशोब. धरून चला, 40 जणांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे. दोन चहा, नाश्ता, जेवण मिळून माणशी 250 रुपये. एकूण 30,000. किराणा, भाजी, गॅस, भाडं आणि बायकांची मजुरी धरून खर्च 22,000. हातात 8,000 उरणार. पण बिल पास व्हायला दीड महिना. ते 22,000 सावकाराकडून शेकडा 5 ने घेतले, तर दीड महिन्याचं व्याज 1,650. गटातून शेकडा 2 ने घेतले तर 660, आणि तेही गटातच राहतात. अशा तीन ऑर्डरी एका महिन्यात आल्या तर 66,000 अडकतील. तेवढा दम गटात आहे का, हे ऑर्डर घेण्याआधी बघायचं. अर्धी रक्कम आगाऊ मिळाली तर एका ऑर्डरीला 7,000च घालावे लागतात. म्हणून आगाऊ मागायला लाजू नका. मोठे केटरर मागतातच की!

आमच्या एका गटाचं बिल एका संस्थेकडे चार महिने पडून होतं. साहेब बदलले, कागद सापडेना. तेव्हापासून आम्ही फोनवरच्या शब्दावर काम घेत नाही. किती माणसं, काय दर, पैसे कधी, हे लेखी घेतो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. गटाच्या पॅन कार्डावर उद्यम नोंदणी करून घ्या, ती मोफत होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर व्याज मागता येतं, आणि तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. याशिवाय खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची नोंदणी हवीच. तिच्याशिवाय कंपनीवाले दारात उभं करत नाहीत.

कुणाला चार खोल्या काढून राहण्या-जेवणाची सोय करायची असेल, तर राज्याचं 2023 चं 'आई' हे महिला पर्यटन धोरण विचारून घ्या. पर्यटन संचालनालयाकडे नोंद झालेल्या, महिलेच्या मालकीच्या व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, परत मिळतं. जास्तीत जास्त साडेचार लाख रुपये किंवा 7 वर्षं. कामावरच्या माणसांत निम्म्या बायका हव्यात आणि हप्ता वेळेवर भरलेला हवा. हप्ता आधी आपण भरायचा, व्याज मागाहून खात्यात येतं. म्हणजे इथेही थांबायची तयारी ठेवूनच कर्जाचा आकडा ठरवा, आणि अर्ज करण्याआधी सहा महिन्यांचे हप्ते कुठून येतील ते गटाच्या बैठकीत कागदावर मांडा.